फाडाफाडी नको म्हणण्याआधी एवढं वाचा

कुणी विहिरीत बुडून, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारेचा शॉक लागून किंवा औषध पिऊन गेलं की घरात रडारड चालू असतानाच अंगणात दुसरी बैठक बसते. चार जाणती माणसं, एखादा माजी पंचायत सदस्य, पोलिसांत ओळख असलेला कुणीतरी. विषय एकच, पोस्टमार्टेम कसं टाळायचं. "गेला तो गेला, आता फाडाफाडी कशाला? हार्ट अटॅक म्हणून उरकून टाकू." बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गावात जा, हेच ऐकायला मिळतं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण मागे राहिलेल्यांचं त्यातून जे वाटोळं होतं, ते बघून आता गप्प बसवत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो. आत्महत्या, अपघात, जनावराचा हल्ला, यंत्रात सापडून किंवा संशयास्पद रीतीने झालेला मृत्यू पोलिसांना कळला की जागेवर जाऊन पंचनामा करणं त्यांना भाग आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर मृतदेह सरकारी डॉक्टरकडे पाठवायचा. त्यासाठी घरच्यांची संमती लागत नाही. आणि अशा मृत्यूची खबर देणं हे फक्त पोलीस पाटलाचं काम नाही, गावात राहणाऱ्या प्रत्येकावर कायद्यानं ती जबाबदारी टाकलेली आहे. गावानं ठरवून झाकायची ही गोष्टच नव्हे.

खानापूर तालुक्यातलं माझ्या माहितीतलं एक घर आहे. सुगीत भात कापताना कर्त्या माणसाला साप चावला. दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत वाटेतच जीव गेला, आणि गाडी तिथूनच माघारी वळवली. संध्याकाळी दहन. काही दिवसांनी त्याच्या बायकोला पासबुकात २० रुपये कापल्याची नोंद सापडली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. ती बँकेत गेली. पंचनामा आहे का? पोस्टमार्टेम रिपोर्ट? निदान दवाखान्यातली लगेचची नोंद? तिनं पिशवीतून एक एक कागद काढून काउंटरवर ठेवला. आधार, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला. साप चावल्याचं एका ओळीतही कुठे लिहिलेलं नव्हतं. अख्ख्या शिवारानं साप बघितला होता, पण शिवाराची साक्ष विमा कंपनीला चालत नाही. ती गाडी तशीच पुढे खानापूरला नेली असती तर त्या बाईला रिकाम्या हातानं परतावं लागलं नसतं.

शेतकरी आत्महत्येचंही तसंच. कर्नाटक सरकार पात्र कुटुंबाला ५ लाख देतं, पण अब्रूपायी कारण लपवलं तर कर्ज तेवढं वारसांच्या डोक्यावर राहतं.

लेकींच्या बाबतीत मात्र मला कुणाची समजूत काढायची नाही. तिथं ठामपणेच बोलायला हवं. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत सुनेनं आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूत संशयाला जागा असली, तर पोस्टमार्टेम बंधनकारक आहे. तिच्या कुठल्याही नातेवाइकानं मागणी केली तरी पोलिसांना ते करावं लागतं. पंचनामा तहसीलदारांसारख्या दंडाधिकाऱ्यानं करायचा असतो. ही तरतूद हुंडाबळींमुळे आली. आणि आपल्याकडे काय होतं? माहेरची माणसं पोचायच्या आत तिरडी बांधून तयार. भावानं आवाज चढवला की "मयताच्या दारात तमाशा नको" म्हणून त्यालाच गप्प करतात. भावांनो, अशा वेळी गप्प बसू नका. एकदा चिता पेटली की गळ्यावरची खूणही गेली आणि पोटातलं विषही गेलं.

लोकांना भीती वाटते ती विटंबनेची. डॉक्टर डोकं, छाती, पोट उघडून तपासतात आणि पुन्हा शिवून देतात. अंघोळ घालता येते, सगळे विधी करता येतात. विषाची शंका असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग मिठाच्या द्रावणात बरणीत सील करून प्रयोगशाळेत जातात. ती सोय बेळगावातच आहे. अंतिम अहवालाला वेळ लागतो, पण मृतदेह त्यासाठी अडवून ठेवत नाहीत. सरकारी इस्पितळात याला पैसे पडत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. रात्री मृत्यू झाला तर सकाळपर्यंत शवागाराबाहेर बसून राहणं जिवावर येतं, हे मात्र खरं. ते दुःख मी हलकं मानत नाही.

आता आपल्या भागाची खास अडचण. पंचनामा कन्नडमध्ये लिहितात. पंच म्हणून शेजारचे दोघे-तिघे मराठी शेतकरी उभे असतात आणि दाखवतील तिथं सही करतात. अंगावर जखमा कुठं, कशाच्या, मृत्यू कशानं झालेला दिसतो, सगळं त्याच कागदात असतं. कायदा तर म्हणतो की अधिकाऱ्याबरोबर जे पंच सहमत असतील त्यांनी सही करायची. जे वाचताच येत नाही त्याला सहमती कसली? चंदगडकडची माणसं उपचाराला बेळगावात येतात. जखमी माणूस इथं दगावला की पंचनामा इथलेच पोलीस करतात. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या घरानं कन्नड कागद घेऊन कुणाकुणाचे पाय धरायचे? म्हणून निघण्याआधी यूडीआर नंबर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूच्या पोलीस नोंदीचा क्रमांक, आणि पोलीस स्टेशनचं नाव लिहून घ्या, त्याशिवाय पुढं एकही प्रत मिळत नाही.

मराठी परिपत्रकांसाठी आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो, ते योग्यच आहे. पुढच्या निवेदनात एवढी एक मागणी घाला: सही घेण्याआधी पंचनामा पंचांना आणि घरच्यांना मराठीत वाचून दाखवावा, आणि तसं वाचून दाखवल्याची नोंद त्याच कागदावर करावी.