आधी साल, मग गाडी

जुनी स्पोर्ट्स कार घेण्याचे तुमच्या मनात आले असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन. आणि ती गाडी प्रत्यक्ष जाऊन पाहावी असेही मनात आले असेल, तर तो विचार तूर्त बाजूला ठेवावा, अशी नम्र विनंती आहे. गाडी पाहिल्याने माणसाची विचारशक्ती क्षीण होते. बॉनेटची ती लांबलचक उतरण, सीटच्या जुन्या चामड्याचा वास आणि चावी फिरवल्यावर पाठीमागून उठणारा तो आवाज, यांच्यापुढे भल्याभल्यांचा अनेक महिन्यांचा अभ्यास पाच मिनिटांत वाहून गेलेला आहे. म्हणून जाणकार मंडळी आधी साल पाहतात आणि गाडी अगदी शेवटी, पाहिलीच तर. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधला जो फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, तो सालाच्या अभ्यासाने दिसू लागतो, आणि एकदा दिसू लागला की मग दुसरे काहीच दिसत नाही.

साल म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. प्रत्येक गाडीला किमान तीन जन्मतारखा असतात: ती कारखान्यातून बाहेर पडली ती एक, तिची पहिली नोंदणी झाली ती दुसरी, आणि कंपनीने तिला जे मॉडेल वर्ष बहाल केले ते तिसरे. पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात आणण्याची रीत असल्यामुळे या तिन्ही तारखा एकमेकींशी जुळतीलच असे नाही, आणि विक्रेता तुम्हाला यांपैकी कोणती सांगेल, हे तिघींपैकी सर्वांत तरुण कोण आहे त्यावर अवलंबून असते. अशा वेळी गाडीच्या सतरा अक्षरी ओळख क्रमांकातले दहावे अक्षर पाहावे. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून मॉडेल वर्ष या दहाव्या घरात बसवले जाते. आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरे व शून्य तेथे वर्ज्य आहेत, आणि हे चक्र दर तीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते; त्यामुळे ज्या ‘बी’ या अक्षराने १९८१ हे साल दाखवले जाते, त्याच अक्षराने २०११ हेही दाखवले जाते. समोरची गाडी यांपैकी कोणत्या सालची आहे, हे गाडीकडे एक नजर टाकूनही ओळखता येते, अशी कुजबुज काही लोक करतात. पण आपण गाडी पाहायची नाही, असे आताच ठरवले आहे.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम सर्वांना ठाऊक आहे: पहिल्या सालची गाडी कधीही घेऊ नये. पहिल्या वर्षीचे ग्राहक हे खरे म्हणजे कंपनीचे बिनपगारी तपासनीस असतात. माझदा एमएक्स-५ चेच पाहा. १९८९ मध्ये ही छोटी, हलकी, उघड्या टपाची गाडी आली तेव्हा लोक हरखून गेले; पण १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड होते, आणि त्यावरची पुली ढिली होऊन ते टोकच खराब होण्याची तक्रार पुढे आली. मग टोक लांब झाले. तेव्हा शहाण्या माणसाने त्यानंतरची घ्यावी, इथपर्यंत ठीक. परंतु १९९४ च्या मॉडेलपासून १.६ लिटरचे इंजिन जाऊन १.८ लिटरचे आले, त्यामुळे मधल्या सालची गाडी घेणाऱ्याने घाई केली असे ठरते. आणि १.८ लिटरची घ्यावी, तर १.६ चे इंजिन कसे मोकळ्या गळ्याने गात वर चढत असे, हे ऐकवणारे भेटतात. याच गाडीच्या चौथ्या पिढीत हा खेळ पुन्हा झाला. २०१८ पर्यंत अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर देणारे तेच दोन लिटरचे इंजिन २०१९ मध्ये १८१ देऊ लागले आणि मिनिटाला ६,८०० ऐवजी ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाऊ लागले. २०१८ ची गाडी घेऊन आनंदाने हिंडणाऱ्या माणसाला त्या दिवसापर्यंत आपल्याला काही कमी आहे, याची कल्पनाही नव्हती. तुलनेचे हेच तर कार्य आहे.

यावरून दुसरा नियम निघतो: सर्वोत्तम साल हे नेहमी तुमच्यासमोर असलेल्या गाडीच्या पुढचे असते. आणि पुढचे साल समोर आले, तर मागचे.

या शास्त्राचा खरा अभ्यासक्रम मात्र पोर्शे ९११ मध्ये आहे, आणि तेथे थोडे थांबलेच पाहिजे. १९९७ मध्ये कंपनीने या गाडीची ९९६ ही पिढी आणली. शहाण्णव या आकड्यात शहाणपण लपलेले असल्याचा भास होतो, पण खरेदीदारांना तेवढे तरी सुख लाभले नाही. तोवर हवेने थंड होणारे ९११ चे इंजिन आता पाण्याने थंड होऊ लागले, याचे जुन्या भक्तांना दुःख झाले. हेडलाइट कंपनीच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टर या गाडीसारखेच निघाले आणि त्यांना तळलेल्या अंड्याची उपमा मिळाली, याचे नव्या भक्तांनाही दुःख झाले. पुढे इंजिनाच्या पोटातल्या इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे मुख्य दांड्याची गती पुढे पोचवणाऱ्या मधल्या दांड्याचे, बेअरिंग काही गाड्यांत निकामी होते, आणि ते गेले तर बहुधा सगळे इंजिनच सोबत घेऊन जाते, असे उघडकीस आले, आणि सालाच्या अभ्यासकांना सुवर्णकाळ आला. सुरुवातीच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी मण्यांच्या दोन ओळींचे बेअरिंग होते, ते बरे. सुमारे २००० पासून २००५ पर्यंत एका ओळीचे आले, ते नाजूक. २००६ ते २००८ मध्ये मोठे आणि दणकट बसवले, पण ते बदलायचेच झाले तर इंजिन उभे फोडल्याशिवाय हाती लागत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवे इंजिन आले, आणि त्यात तो शाफ्टच नव्हता.

हे सगळे पाठ केल्यावर प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे वाटू देऊ नये. २००२ च्या मॉडेलमध्ये ३.४ लिटरचे इंजिन ३.६ चे झाले आणि हेडलाइटही सुधारले. म्हणजे जेव्हा बेअरिंग बरे होते तेव्हा डोळे वाईट होते, आणि डोळे बरे झाले तेव्हा बेअरिंग वाईट. टर्बो आणि जीटी३ या ९११ च्याच महागड्या प्रकारांचे इंजिन रेसिंगच्या घराण्यातले, अगदी निराळे, त्यांना हा रोग नाही. पण ते सर्वांना माहीत असल्यामुळे त्यांच्या किमतीलाही ते माहीत आहे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, १९९९ च्या गाडीचे इंजिन मध्यंतरी केव्हातरी बदललेले असेल, तर तिच्या पोटात नंतरच्या काळातले बेअरिंग असू शकते, आणि दहावे अक्षर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ज्या गाड्या नियमित पळवल्या गेल्या आणि ज्यांचे ऑइल वेळच्या वेळी बदलले गेले, त्या अधिक टिकल्या, असे अनेक मेकॅनिक सांगतात. हे मत आपल्या कामाचे नाही, कारण ते कोणत्याही सालाला लागू पडते आणि आपण बनवलेल्या सालांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

होंडा एस२००० चे प्रकरण त्यामानाने सोपे आहे, कारण त्यात फक्त दोनच पक्ष आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. सुरुवातीचे दोन लिटरचे इंजिन सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाई. अमेरिकेत २००४ पासून ते २.२ लिटरचे झाले, कमी फेऱ्यांतच ओढ मिळू लागली, मर्यादा सुमारे ८,००० वर आली, आणि वळणावर अचानक मागचा भाग बाहेर फेकण्याची गाडीची खोड सस्पेन्शन बदलून बरीच कमी करण्यात आली. आधीच्या सालांचा पक्ष म्हणतो की त्या खोडीतच मजा होती. हे म्हणणारे सगळे अर्थातच ज्यांची गाडी अजून रस्त्यावर आहे असे आहेत.

एव्हाना चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल की दोष टाळणे एवढाच या विद्येचा हेतू असता, तर ती फार लवकर संपली असती. तिची पुढची पायरी म्हणजे दोष शोधून त्याचे जास्त पैसे मोजणे. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप घ्या. सुरुवातीच्या गाड्यांत पायाखालची फरशी सपाट होती, त्यामुळे उंच माणसाला पाय कोठे ठेवावेत हा प्रश्न पडे. १९६२ मध्ये कंपनीने तेथे खळगा देऊन हा प्रश्न सोडवला. पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांचे बॉनेट उघडायला बाहेरून वेगळी किल्ली लावावी लागे. हीही गैरसोय पुढे दूर झाली. आज संग्राहक ज्यासाठी झुरतो, ती गाडी म्हणजे बाहेरून कुलूप असलेली आणि पाय न मावणारी. १९६८ पर्यंतच्या पोर्शे ९११ ची पुढची आणि मागची चाके एकमेकांना इतकी जवळ होती की पुढचा भाग स्थिर राहावा म्हणून काही गाड्यांच्या बंपरच्या आत लोखंडी वजने ठेवावी लागली. १९६९ च्या मॉडेलमध्ये अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून गाडी माणसाळवली. मागणी, हे सांगायला नकोच, माणसाळण्यापूर्वीच्या गाडीला आहे. १९८४ च्या फेरारी टेस्टारोसाला बाहेर एकच आरसा होता, तोही चालकाच्या बाजूच्या खांबाला अर्ध्या उंचीवर चिकटवलेला. पुढे दोन्ही बाजूंना नेहमीच्या जागी आरसे आले. एकाच आरशाच्या गाडीला आता इटालियन भाषेत वेगळे नाव आहे, आणि ज्या अर्थी नाव आहे त्या अर्थी किंमतही वेगळी आहे.

पण या बाबतीतला मुकुटमणी १९६३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे हाच. तिच्या मागच्या काचेच्या मधोमध वरून खाली एक पट्टी होती, आणि आरशात पाहिले की मागच्या रस्त्याचे बरोबर दोन तुकडे दिसत. डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांना ती पट्टी प्राणाहून प्रिय होती. गाडीचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांना मागे काय येते आहे ते दिसावे, असे वाटत होते. एक वर्ष मिचेल जिंकले, १९६४ मध्ये पट्टी गेली. तेव्हा १९६३ च्या काही मालकांनी आपली गाडी जुनाट दिसू नये म्हणून ती पट्टी कापून काढली आणि नव्या सालासारखी अखंड काच बसवून घेतली. पुढे जगाला कळले की दुभंगलेली काच फक्त त्या एकाच सालची आहे, आणि तीच अनमोल ठरली. मॉडेल वर्षांची तुलना केल्यावर काय करावे, याचे याहून परिपूर्ण उदाहरण मला ठाऊक नाही: त्या माणसांनी दोन्ही साले बारकाईने पाहिली होती, नवे साल अधिक चांगले असल्याचा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, आणि त्यांनी त्यावर तत्काळ कृती केली.

राहिला मेकॅनिकचा प्रश्न. खरेदीपूर्वी गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्यावी असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो कटाक्षाने टाळावा, कारण या लोकांना सालाचे गांभीर्य नसते. तो गाडी वर उचलतो आणि खाली जाऊन उभा राहतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनले, ते सांगतो, आणि वीस वर्षांच्या गाडीला पंधरा वर्षांचे टायर असल्याचे पाहून तुमच्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू तो दोष तुमचा आहे. तो स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा सोडतो, सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे दाखवतो, रंगाचा थर एका दरवाजावर दुप्पट जाड का, असे विचारतो, रबराच्या बुशा बोटाने दाबतो आणि सर्व्हिस बुकातली सात वर्षांची कोरी पाने मुकाट्याने उलटतो. या संपूर्ण काळात त्याने तुमच्या तक्त्याकडे एकदाही पाहिलेले नसते. अशा माणसाकडून कोणते ज्ञान मिळणार? शिवाय त्याचा निकाल त्या एकाच गाडीला लागू असतो. तुमचा तक्ता निदान सगळ्या गाड्यांबद्दल तरी चुकतो.

विक्रेत्याशी बोलतानाही हेच पथ्य पाळावे. तुम्ही साल विचारावे, त्याने सांगावे, तुम्ही उसासा सोडावा. गाडी का विकता आहात, शेवटचा क्लच कधी बदलला, टायमिंग बेल्ट केव्हा घातला, असले खाजगी प्रश्न विचारू नयेत. विशेषतः ज्या गाड्यांत बेल्ट बदलण्यासाठी अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते, तेथे तर मुळीच नाही, कारण अशा प्रश्नांची उत्तरे अनेकदा खरी निघतात.

इतका अभ्यास करण्यात काही वर्षे जातात, हे मान्य आहे. त्या काळात तुमच्या आवडीच्या गाड्यांची किंमत आधी उतरते, मग थबकते आणि मग, त्या दुर्मिळ होत आहेत असे सर्वांच्या एकदम लक्षात आल्यामुळे, चढू लागते. तुमचा तक्ता पूर्ण होण्याचा दिवस सहसा या तिसऱ्या टप्प्यात येतो. तरीही धीर सोडू नये. ज्यात एकही दोष नोंदलेला नाही असे एक साल अस्तित्वात आहे, आणि ते म्हणजे कॉर्व्हेटचे १९८३. त्या वर्षी नवी पिढी यायची होती. कंपनीने १९८३ च्या नावाने ४३ गाड्या चाचणीसाठी बनवल्याही, पण काम लांबले आणि जानेवारी १९८३ मध्ये जेव्हा प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले, तेव्हा गाडीला सरळ १९८४ हे मॉडेल वर्ष देण्यात आले. ग्राहकाला १९८३ ची कॉर्व्हेट एकही विकली गेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल ग्राहकाची एकही तक्रार नाही. त्या ४३ पैकी एकच आज शिल्लक आहे, आणि ती केंटकीतल्या बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या संग्रहालयाची जमीन अचानक खचून आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्यांत १९८४ ची एक होती, १९८३ ची नव्हती. खड्ड्यालाही साल कळते, असे यावरून म्हणता येईल. चौकशी केल्यास ती उरलेली गाडी विकाऊ नाही, असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. पण खरी अडचण ती नव्हे. ती त्या पिढीच्या पहिल्या सालची आहे, आणि पहिल्या सालची गाडी कधीही घेऊ नये, हे वर सांगितलेच आहे.