‘आठवड्याचे काम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील दुर्गम आदिवासी वस्त्यांसाठी संपर्काची डिजिटल साधने तिथल्या लोकांसोबत बसून कशी घडवली जातात, यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : “एक नोटीसबोर्ड बनवायला इतकी वर्षे? पुण्यातली पोरे आठवड्यात बनवतील. आधी टॉवर उभारा आणि भोळ्या माणसांच्या नावावर फेलोशिपा खाणे थांबवा.”

लेखात इंग्रजी संज्ञांचा भरणा जास्त झाला, हे मान्य. मतभेदाचेही स्वागतच आहे. पण ‘फेलोशिपा खाणे’ ही भाषा आपण समोरासमोर वापरली असती का? मी कोणाची फेलोशिप घेतलेली नाही. माझे वडील जव्हारजवळच्या आश्रमशाळेत शिक्षक होते आणि त्याच आवारात मी वाढलो, त्यामुळे ‘भोळी माणसे’ हे शब्द कोण, कुठे बसून वापरतो, हे मला पुरते ठाऊक आहे.

आता आठवड्याविषयी. लेखातल्या, उत्तर ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंड बेटावरच्या डिजिटल नोटीसबोर्डावर तिथली अनिंदिल्याक्वा भाषा आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, मजकुराबरोबर चित्र आणि आवाजही लावण्याची सोय केली गेली. एवढाच भाग असता, तर आपली पोरे तो आठवड्यात काय, चार दिवसांत करतील. परंतु तिथल्या अनेक आदिवासी समाजांत माणूस गेल्यावर ठरावीक काळ त्याचे नाव उच्चारत नाहीत आणि त्याचा फोटो डोळ्यांआड ठेवतात. मग बोर्डावरील त्याचा फोटो कोणी झाकायचा? गेल्या महिन्यात त्याच्याच आवाजात लावलेल्या निरोपाचे काय करायचे? तो परत केव्हा लावायचा, हे कोणत्या नात्यातल्या माणसाने सांगायचे? ही उत्तरे घरातली जाणती माणसे देतात, तीही त्यांना विश्वास वाटेल तेव्हा.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अनंगु लोकांच्या ‘आरा इरिटिटजा’ या 1994 साली सुरू झालेल्या संग्रहात मृतांची छायाचित्रे झाकून ठेवण्याची सोय आहे, आणि पुरुषांनीच किंवा स्त्रियांनीच पाहावयाच्या गोष्टीही वेगळ्या ठेवल्या जातात. शिवाय एकच फोन घरातल्या अनेकांच्या हातात फिरत असेल, तर ‘एक माणूस, एक पासवर्ड’ हा आपल्या पोरांचा पहिलाच ठोकताळा कोसळतो. आठवड्यात बनवलेल्या बोर्डावर दुखवट्याच्या घरासमोर मृताचा चेहरा झळकला, तर आपण जबाबदारी घेणार आहात काय?

टॉवरविषयी फार लिहीत नाही. तो हवाच, त्याला विरोध कोणी केला? मात्र 1990च्या दशकाच्या आरंभी युएंडुमू, लाजामानू, विलोरा आणि किंटोर या मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांनी ‘तनामी नेटवर्क’ नावाची स्वतःची उपग्रह व्हिडिओ यंत्रणा उभारली होती आणि तुरुंगातील नातेवाइकांशी बोलण्यासाठीही ती वापरली, एवढे तरी वाचून मग ‘भोळी’ म्हणावे.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्याची गरज वाटत नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी असावी. निनावी मजकूर यापुढे छापला जाणार नाही.