जॅक जॅक्सन, सेगीनचा घोडा आणि लेकीचा चौथीचा प्रोजेक्ट

आज 8 जून. 2006 साली याच दिवशी जॅक जॅक्सन गेले. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, मलाही नव्हतं. पण मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत राहते, आणि या गावाचा इतिहास मला कुणी शिकवला असेल तर या कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकाराने. म्हणून लिहितेय.

लेक तेव्हा चौथीत होती. इथे चौथीला टेक्सासचा इतिहास असतो, जसा आपल्याला चौथीत शिवाजी महाराजांचा. तिला प्रोजेक्ट मिळाला अलामोचा. टेक्सास तेव्हा मेक्सिकोतून फुटून निघायला लढत होतं. अलामो म्हणजे इथलं जुनं मिशन, स्पॅनिश धर्मप्रचारकांचं ठाणं. 1836 मध्ये मेक्सिकोचा सेनानी सान्ता आन्ना याने त्याला तेरा दिवस वेढा घातला, 6 मार्चला ते घेतलं आणि आत लढणारे जवळजवळ सगळे मारले गेले. त्यातली ट्रॅव्हिस, बोवी, क्रॉकेट ही नावं इथल्या पोरांना तोंडपाठ असतात. चित्र रंगवता रंगवता लेकीने विचारलं, "आई, आत सगळे गोरेच होते का गं?"

मला उत्तर देता येईना. लायब्ररीत शोधायला गेले आणि हाती लागलं जॅक्सन यांचं 'लॉस तेहानोस' हे कॉमिक.

त्यात हुआन सेगीन भेटला. याच गावचा, स्पॅनिश बोलणारा, आणि तरी सान्ता आन्नाच्या विरुद्ध टेक्सासकडून लढणारा. वेढ्यात तो आतच होता. मदत आणायला त्याला बाहेर पाठवलं म्हणून वाचला. पुढे टेक्सासने सान्ता आन्नाला हरवलं त्या सान हासिंतोच्या लढाईत तो होता. 1837 मध्ये अलामोतल्या मृतांची राख त्यानेच लष्करी मानाने पुरली. मग तो या शहराचा मेयर झाला. आणि 1842 मध्ये, नव्याने येऊन जमिनी बळकावणाऱ्यांनी त्यालाच गद्दार ठरवलं. बायकापोरांसह मेक्सिकोत पळावं लागलं. तिथे मेक्सिकन फौजेत भरती होऊन त्याच सॅन अँटोनिओवर चालून यायची वेळ आली. ज्या गावासाठी लढला, त्याच गावावर! ते पान वाचून मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

जॅक्सन मूळचे टेक्सासचेच, 1941 मध्ये पँडोरा नावाच्या खेड्यात जन्मलेले. शिकले अकाउंटिंग, नोकरी ऑस्टिनला सरकारी. 1964 मध्ये त्यांनी 'गॉड नोज' हे कॉमिक काढलं, तेही विधानभवनातल्याच छपाईयंत्रावर गुपचूप छापून घेतलेलं. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अंडरग्राउंड कॉमिक्समध्ये ते धरतात. मोठे प्रकाशक आणि त्यांची सेन्सॉरशिप टाळून, पोरांनी आपल्या हिमतीवर छापलेली ही कॉमिक्स. नंतर ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले, 1969 मध्ये मित्रांबरोबर 'रिप ऑफ प्रेस' ही प्रकाशनसंस्था काढली. त्या जमान्यातले बाकीचे चित्रकार ड्रग्ज आणि सेक्सवर रमले असताना हा माणूस इतिहासाकडे वळला, आणि अंडरग्राउंडचा बेडरपणा बरोबर घेऊन वळला. 1864 मध्ये सँड क्रीकला शायान आणि अरापाहो या मूळनिवासी जमातींच्या बायकामुलांची कत्तल झाली, ती त्यांनी काहीही न झाकता काढली. 'कोमांची मून'मध्ये सिंथिया ॲन पार्कर आहे. गोऱ्यांची मुलगी, लहानपणी कोमांची या मूळनिवासी जमातीने पळवून नेलेली, त्यांच्यातच वाढलेली, लग्न होऊन आई झालेली. 1860 मध्ये गोऱ्यांनी तिला 'सोडवून' आणलं, पण तिला घरी जायचं होतं, आणि घर म्हणजे कोमांची. तिचा मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा शेवटचा मोठा पुढारी झाला.

सगळंच मला पटतं असं नाही. त्यांच्या 'लॉस्ट कॉज'मध्ये अमेरिकन यादवीनंतरचा काळ बराचसा दक्षिणेकडच्या गोऱ्यांच्या नजरेतून येतो. त्यावर वर्णद्वेषाचा आरोप झाला, आणि वाचताना मीही अस्वस्थ झाले. पण तिथेही त्यांनी कुणाला देवपण दिलेलं नाही.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची मेहनत. लिहिणाऱ्याला "तो घोड्यावर बसून निघाला" म्हणून पुढे जाता येतं. चित्र काढणाऱ्याला नाही जमत. खोगीर कसलं, रिकिब कशी, टोपीचा काठ केवढा, भिंत दगडी की मातीची, सगळं माहीत असावं लागतं, नाहीतर चित्रात ते लगेच उघडं पडतं. जॅक्सननी त्यासाठी जुनी कागदपत्रं, नकाशे पिंजून काढले. इतके, की स्पॅनिश काळातल्या इथल्या गुराख्यांवर आणि जुन्या नकाशांवर त्यांनी रीतसर संशोधनाचे ग्रंथ लिहिले. इतिहासाची पदवी नसलेल्या या माणसाला टेक्सासच्या इतिहासकारांच्या संस्थेने फेलो केलं. कॉमिक्सवाल्यांनी 2011 मध्ये आयझनर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते गेल्यानंतर. आपल्याकडे ऐतिहासिक चित्रकथा म्हटलं की नायक तेजस्वी आणि शत्रू अक्राळविक्राळ. माझं बालपण त्यावरच गेलं आणि मला ती पुस्तकं आवडायची. पण आपल्या एखाद्या सेगीनला कुणीतरी एवढ्या मायेने आणि एवढ्या पुराव्यानिशी काढावं, असं मला फार वाटतं.

लेकीने प्रोजेक्ट बदलला. अलामोतून बाहेर पडणारा सेगीन काढायचा ठरलं. चेहऱ्यासाठी त्याचं 1838 चं तैलचित्र सापडलं. घोड्याशी अडलं. तो बोवीचा घोडा घेऊन निघाला असं सांगतात, पण घोडा कुठल्या रंगाचा ते आम्हाला कुठे मिळालं नाही, आणि जॅक्सनचं पुस्तक तर काळं-पांढरं. मी म्हटलं, "दे तपकिरी, कोण बघतंय?" ती नाही म्हणाली. आकाश रंगवलं, भिंत रंगवली, सेगीन रंगवला. घोडा तसाच कोरा ठेवला.