खडी क्रशरवरील अपघात: ‘चूक कामगाराचीच’ हा दावा का टिकत नाही

वाघोली-मोशी भागातील एखाद्या खडी क्रशरवर अपघात झाला, की पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘88 टक्के अपघात कामगाराच्या चुकीनेच होतात, हेल्मेट-बूट घातले की काही होत नाही, मालकाला दोष देऊ नका.’ ज्याचा हात गेला त्याच्यावरच ठपका ठेवणारा हा संदेश अन्यायकारक तर आहेच, शिवाय त्यातले एकही विधान तपासणीला टिकत नाही.

88 टक्क्यांचा आकडा अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 साली मांडला. त्यासाठी घेतलेली सुमारे 75 हजार प्रकरणे विमा दाव्यांच्या आणि कारखानदारांच्या दप्तरांतली होती. म्हणजे अपघात का झाला हे जखमी माणसाने नव्हे, तर बहुधा व्यवस्थापनाच्या बाजूने लिहिले गेले होते. त्यातही प्रत्येक अपघाताला एकच कारण चिकटवले होते.

आता ‘चालू बेल्टमध्ये हात घातला’ ही नेहमीची ‘चूक’ पाहू. खडी वाहून नेणारा बेल्ट मागच्या टोकाला ज्या चाकावरून वळतो, त्या टेल पुलीपाशी ओली माती आणि चुरी साचते आणि बेल्ट एका बाजूला सरकू लागतो. तो थांबवून साफ करायचा, तर तेवढा वेळ उत्पादन बंद ठेवावे लागते, बाहेर डंपर रांगेत उभे असतात आणि मुकादमाला दिवसाच्या मालाचा हिशेब द्यायचा असतो. म्हणून कामगार फावडे घेऊन चालू बेल्टखाली वाकतो. बेल्ट सेकंदाला दीड मीटर वेगाने धावत असेल, तर धोका कळून हात मागे घेण्यास लागणाऱ्या पाव सेकंदात तो सुमारे 37 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे माणूस कितीही सावध असला तरी हात सुटत नाही. पुलीवर जाळी असती, ओढताच बेल्ट थांबवणारी दोरी कडेने लावलेली असती आणि साफसफाईपूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावण्याची शिस्त असती, तर त्याच घाईतला तोच कामगार धडधाकट घरी गेला असता. ही तिन्ही कामे त्याच्या हातातली नाहीत.

हेल्मेट वरून पडणाऱ्या दगडापासून वाचवते, पुलीपासून नाही. सैल हातमोजे तर फिरत्या पुलीत आधी अडकतात.

राहिला मालकाचा दोष. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात दारूची नशा, सुरक्षेच्या नियमाचा जाणूनबुजून केलेला भंग किंवा यंत्रावरची मुद्दाम काढलेली संरक्षक जाळी (गार्ड) या कारणांवरून मालकाला भरपाई नाकारता येत असे. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ही सबब चालत नसे, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच तत्त्व कायम ठेवले आहे. ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ असे म्हणूनही मूळ मालकाला सुटता येत नाही. तेव्हा ‘त्याने घेतली होती, काही मिळणार नाही’ असे सांगून मृताच्या बायकोची कोऱ्या कागदावर सही घेणारा माणूस तिला धडधडीत खोटे सांगत असतो.