‘उत्तर मीच द्यायचं तर पैसे कशाचे?’ – दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या टॅरो वर्गाबद्दलचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून अर्थ वाचायला शिकवणाऱ्या वर्गाबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही लांबणार आहे. हे वाचून प्रवेश घ्यायचा की नाही ते ठरवणारे लोक आहेत, म्हणून आधी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. दोन दिवसांत ७८ पत्त्यांच्या अर्थांची छापील यादी मिळाली नाही. पहिली सकाळ ‘इटलीच्या इतिहासात’ गेली. भाच्यानं फ्रान्सहून आणलेला तुमचा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, आम्ही ‘चुकीचा’ ठरवला. उलटे पत्ते, म्हणजे डोकं खाली येऊन पडलेला पत्ता कसा वाचायचा ते, शिकवलंच नाही. डेथच्या, म्हणजे मृत्यूच्या पत्त्याला ‘राजा मेला तो मेला’ असं म्हणून मी माणसांना घाबरवलं. आणि तुमच्या प्रश्नावर आठ तलवारींचा पत्ता आला तेव्हा अर्थ सांगायचं सोडून तुम्हालाच विचारलं, चित्रात काय दिसतंय? त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘उत्तर मीच द्यायचं तर साडेतीन हजार कशाचे?’

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातच आल्या.

तुम्ही काय विचारलं होतं ते इथे लिहिणार नाही, ते वर्गातच राहील. पत्त्याबद्दल बोलू. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती आवळलेले पट्टे, मागे आणि बाजूंना जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी, पायाखाली ओल, लांब कड्यावर किल्ला. कुठल्याही यादीत या पत्त्यापुढे ‘बंधन, असहायता, कोंडी’ असे तीन शब्द सापडतील. तुम्ही पत्ता जरा जवळ धरलात आणि म्हणालात, ‘पाय मोकळेच आहेत की हिचे.’ मग म्हणालात, ‘समोर तर एकही तलवार नाही.’ वर्ग गप्प झाला होता, कारण बाकीचे सगळे वहीत ‘कोंडी’ लिहून मोकळे झाले होते. हे मी फळ्यावर लिहिलं असतं, तर तुम्हीही उतरवून घेतलं असतं आणि पुढच्या वेळी पत्ता न बघता वही बघितली असती. साडेतीन हजार त्या ‘जवळ धरण्याचे’ आहेत. ते तुम्हाला महाग वाटले, तर तो हिशेब तुमचा. त्यावर मी वाद घालणार नाही.

हे चित्र काढणारी बाई कोण होती ते मी त्या दिवशी सांगितलं, त्यालाही तुम्ही ‘विषयांतर’ म्हटलंय. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८ चा, लंडनचा. लहानपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचं शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, आणि मग हेन्री आयर्व्हिंग आणि एलन टेरी यांच्या नाटकमंडळीबरोबर काम. १९०९ मध्ये गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी तिनं हा अख्खा डेक काढला आणि त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं की काम मोठं आणि पैसे अगदीच थोडे. पत्ते विकले गेले प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावानं. ती १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी हलाखीतच गेली. आता आपले पत्ते काढून बघा: कितीतरी चित्रांत माणसांच्या मागून एक सरळ आडवी रेघ जाते, जणू पुढे रंगमंचाच्या फळ्या आहेत आणि मागे रंगवलेला पडदा. नाटकात वावरलेली बाई आहे. तिची माणसं उभी कशी राहतात, पाठ कुणाकडे करतात, हात कुठे ठेवतात, यातच निम्मा अर्थ असतो. हे कळल्यावर पत्ता वाचायची पद्धत बदलते. म्हणून सांगितलं.

आता तुमचा डेक. तो चुकीचा आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. तो मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीचा आहे आणि स्मिथबाईंच्या डेकपेक्षा जुन्या वळणाचा. मी एवढंच म्हटलं की हे दोन दिवस सगळ्यांसमोर एकच डेक असू दे, आणि वर्गातला एक संच तुम्हाला दिला. कारण तुम्हीच दुसऱ्या दिवशी बरोबर पकडलं होतं: तुमच्याकडे आठव्या क्रमांकावर न्याय आहे आणि अकराव्यावर सिंहाचा जबडा धरणारी शक्ती, आमच्याकडे नेमकं उलट. ही छपाईची चूक नाही. वेट गूढविद्येच्या ज्या गोल्डन डॉन नावाच्या मंडळात होते, तिथे पत्त्यांना राशी जोडल्या होत्या. शक्तीला सिंह, न्यायाला तूळ. राशींचा क्रम सांभाळायचा तर सिंह आधी यायला हवी, म्हणून दोन पत्त्यांची अदलाबदल झाली. तुमच्या डेकमध्ये तेराव्या पत्त्याखाली नावच छापलेलं नाही, तेही तुम्ही दाखवलंत. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे तुमच्या पाच कपांच्या पत्त्यावर फक्त पाच कप आहेत, आपल्या रोजच्या पत्त्यांत पंजीवर पाच बदाम असतात तसे. आमच्या पाच कपांवर काळा झगा पांघरलेला माणूस आहे, तीन कप लवंडलेत, दोन त्याच्या पाठीमागे शाबूत उभे आहेत, पलीकडे नदी आणि पूल. ‘पाच कप म्हणजे दुःख’ अशी एक ओळ छापून मी दोन्ही डेकवाल्यांच्या हातात ठेवली, तर तुम्ही तुमच्या पत्त्यात ते दुःख शोधणार कुठे?

यादी न देण्याचं कारण हेच आहे. ती बाजारात मिळते, मोबाइलवर फुकट मिळते, आणि प्रत्येक डेकबरोबर येणाऱ्या छोट्या पुस्तिकेत असतेच. नोंदणीच्या पानावरही ‘अर्थांची यादी दिली जाणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

इटलीबद्दल, कारण हे पत्ते तिथलेच. ‘पत्ते आले कुठून याच्याशी मला काय करायचंय’ असं तुम्ही लिहिलंय. मग हँग्ड मॅन घ्या. एका पायानं उलटा टांगलेला माणूस. यादी म्हणते ‘शरणागती, थांबणं, नव्या नजरेनं बघणं’. पण पंधराव्या शतकातल्या इटालियन माणसाला ते चित्र बघून असलं काही सुचलं नसतं. त्याला दिसला असता फितूर. तिकडे द्रोह करणाऱ्यांची अशी उलटी टांगलेली चित्रं भर रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवत, बदनामीसाठी. १४४० मध्ये फ्लॉरेन्समध्ये आंद्रेया देल कास्तान्यो या चित्रकारानं अशी चित्रं रंगवली आणि त्याला नावच पडलं ‘फासावरच्यांचा आंद्रेया’. या पत्त्याचं जुनं इटालियन नावही ‘गद्दार’ असंच होतं. साडेचारशे वर्षांनी स्मिथबाईंनी त्याच माणसाच्या डोक्याभोवती तेजोवलय काढलं आणि चेहरा शांत ठेवला. आता वाचताना दोन्ही हाताशी ठेवा. समोर बसलेला माणूस घरच्यांच्या नजरेत गद्दार ठरलेला असेल, तर त्याच्याशी ‘शरणागती’बद्दल बोलून काय होणार? त्याला जे बोचतंय ते जुन्या अर्थात आहे.

आणखी एक. टॅरो इजिप्तच्या देवळांतून आलं, असं वर्गात एका गृहस्थांनी सांगितलं आणि मी ते खोडलं, तेही तुम्हाला खटकलं. ती कल्पना १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलाँ या लेखकानं छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. फ्रेंच अभ्यासक शाँपोलियोंनी ती उलगडली १८२२ मध्ये. जेबलाँच्या आधीची तीनेकशे वर्षं हे पत्ते मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स अशा शहरांत खेळायला वापरत. फ्रान्समध्ये आजही टॅरोचा डाव मांडतात. भाच्याला विचारा, त्यानं पाहिला असेल. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आहे: १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पानं. साक्षात मत्स्य-कूर्म-वराह हातात असूनही लोक त्यावर डावच खेळले. टॅरोही तसाच खेळ होता, म्हणून त्यातले अर्थ हलके होत नाहीत. उलट काही अर्थ खेळामुळेच उलगडतात.

तेरावा पत्ता हे त्याचं उदाहरण, आणि इथे मी तुमच्याशी सपशेल असहमत आहे. ‘डेथ म्हणजे फक्त नवी सुरुवात, असं सगळीकडे सांगतात, तुम्हीच कसे वेगळे?’ असा तुमचा प्रश्न आहे. तो पत्ता आला म्हणजे कुणी मरणार, असं नाही. हे मी वर्गात तीनदा बजावलं आणि इथे चौथ्यांदा लिहितो. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर उठून बाहेर पडा. पण म्हणून चित्रातलं मढं झाकायचं का? काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे, हातात काळं निशाण, त्यावर पाच पाकळ्यांचा पांढरा गुलाब. राजा खाली पडलाय, मुकुट बाजूला घरंगळलाय. सोनेरी झग्यातले धर्मगुरू हात जोडून उभे आहेत. जुन्या डावात हे बडे पत्ते म्हणजे हुकूम, आणि वरच्या आकड्याचा हुकूम खालच्याला मारतो. सम्राट चौथा, पोप पाचवा, मृत्यू तेरावा. म्हणजे डाव खेळणाऱ्या प्रत्येकानं मृत्यूनं सम्राटाचा आणि पोपचा हात घेतलेला पाहिला होता. मला तरी स्मिथबाईंच्या चित्रात तोच नियम दिसतो. लांब दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, घोड्यापुढचं लहान मूल न घाबरता वर बघतंय, हे खरंच. त्यावरही आपण बराच वेळ बोललो. पण तो सूर्य राजाच्या पलीकडे आहे. नुकतीच नोकरी गेलेल्या किंवा घटस्फोटाच्या कागदांवर सही करून आलेल्या माणसाला ‘अहो, नवी सुरुवात!’ म्हणणं मला जमत नाही. त्याचं काहीतरी संपलंय, आणि ते संपलं असं कुणीतरी आधी मान्य करावं, एवढ्यासाठी तो आलेला असतो.

उलट्या पत्त्यांचं थोडक्यात: ते दुसऱ्या पातळीच्या वर्गात आहेत, माहितीपत्रकात तसं लिहिलंय. सुलटं चित्र नीट दिसायच्या आत उलटं शिकवलं की लोक ‘अर्थाच्या विरुद्ध अर्थ’ एवढंच करतात. पाच कपांत उभे राहिलेले दोन कप सुलट्या पत्त्यातच आहेत, त्यासाठी पत्ता फिरवावा लागत नाही.

मुलीच्या लग्नाचा महिना सांगितला नाही, असंही शेवटी लिहिलंय. तो आम्ही कुणालाच सांगत नाही. आजारपण, कोर्टाचा निकाल, दिवस राहतील की नाही, यावर इथे पत्ते उघडले जात नाहीत. या वर्गात चित्रं वाचायला शिकवतात. तारखा हव्या असतील तर आमच्याकडे येऊ नका, हे मी नोंदणीच्या फोनवरच सांगतो आणि त्यामुळे काही जण येत नाहीत. चालतं.

फी परत मागितली आहे. दोन्ही दिवस पूर्ण झाल्यावर ती परत करत नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे आणि तो मोडणार नाही. मात्र पुढच्या महिन्यात फक्त मार्सेय डेकवर एक दिवसाचा वर्ग ठेवतोय. तुमच्या बॅचमधल्या आणखी दोघींनी विचारलं होतं. तुमच्याकडून त्याची फी घेणार नाही, कारण वर्गात तुमचा तो जुन्या वळणाचा डेक मला सगळ्यांना दाखवायचा आहे, आमच्याकडे तो नाही. सकाळी दहाला सुरू, जेवणाचा डबा आपापला. यायचं ठरलं तर नोंदणीच्या नंबरवर कळवा, आणि दोन स्टार तसेच राहू द्यात, काढायची गरज नाही.

– वर्गचालक