‘ग्रेस स्कोअर कमी, म्हणजे गॅसेस’ हे साफ चूक आहे

“छातीत दुखलं की मोबाईलवर ग्रेस स्कोअर काढा. कमी आला तर अटॅक नाही, गॅसेस आहेत, घरीच थांबा. 140 च्या वर गेला तर पेशंट हाती लागत नाही, अँजिओग्राफीत पैसे घालवू नका.” हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. ग्रेस स्कोअर म्हणजे हार्ट अटॅकच्या पेशंटला पुढे किती धोका आहे, ते मोजायचे गुण. मी कॅज्युअल्टीत काम करतो. अशा मेसेजने माणूस जाऊ शकतो, म्हणून लिहितोय.

स्कोअर घरी निघतच नाही. वय, नाडी आणि वरचं बीपी घरी कळेल. पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), ईसीजीतला एसटीचा बदल (ईसीजीच्या रेषेतल्या ‘एसटी’ या भागातला फरक) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) कुठून आणणार? त्यात ट्रोपोनिन पहिल्या काही तासांत नॉर्मलही येतं. म्हणूनच आम्ही ते पुन्हा पाठवतो.

सगळ्यात घातक आहे ते गॅसेसचं वाक्य. अटॅक आहे की नाही, हे ग्रेस सांगतच नाही. अटॅक किंवा अस्थिर अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडून अचानक सुरू झालेल्या किंवा वाढलेल्या छातीदुखीचं) निदान झालेल्या पेशंटला पुढे धोका किती, एवढंच तो सांगतो. हिशेबच करू. वय 38 (8 गुण), नाडी 84 (9), बीपी 130 (34), क्रिएटिनिन 0.9 (7), एसटी बदललेला (28), ट्रोपोनिन वाढलेलं (14). बेरीज 100. ईसीजीत एसटी वर न चढलेल्या प्रकारच्या अटॅकमध्ये 108 पर्यंतचा स्कोअर ‘कमी धोक्या’चा. म्हणजे ट्रोपोनिन वाढलंय, अटॅक समोर दिसतोय आणि स्कोअर कमी! कारण तरुण वयाला गुणच कमी मिळतात. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही: इंटरहार्ट या अनेक देशांतल्या हार्ट अटॅकच्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक साधारण 53 व्या वर्षी आला होता, इतरांना 59 च्या आसपास.

आता वरच्या हिशेबात फक्त वय 75 करा (8 ऐवजी 75 गुण). स्कोअर 167, ‘जास्त धोका’. पण मूळ तक्त्याप्रमाणे हॉस्पिटलात मृत्यूची शक्यता 100 पैकी 6-7. बाकीचे 93 घरी जातात. अगदी 200 ला सुद्धा ती सुमारे 18 टक्केच.

आणि 140 च्या वरचा आकडा पैसे वाचवायला सांगत नाही. उलट युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार अशांची अँजिओग्राफी 24 तासांच्या आत करण्याचा विचार करायचा असतो. आजोबांचा स्कोअर जास्त आला, तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: अँजिओग्राफी आज होईल का?