गोड पाव वाळत घालताना

हॉटेलात मिळतो तसा फ्रेंच टोस्ट घरी करायचा, तर पहिली अट एका ओळीची असते: ब्रेड कालचा घ्यावा. ही अट घालणारा माणूस गोव्यात राहिलेला नसावा. इथे पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, सकाळी पों पों करत येतो, संध्याकाळी परत येतो, आणि त्याच्या टोपलीतला पाव दारातून आत आल्यापासून चहात बुडेपर्यंत फारसा वेळ जात नाही. घरात शिळा पाव सापडला तर शेजारी विचारतात, काय, बरं नव्हतं का? फ्रेंच लोक या पदार्थाला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे हरवलेला पाव. पाव आमच्याकडेही हरवतो, पण तो कुठे गेला हे सगळ्यांना माहीत असतं. पोर्तुगालात हाच प्रकार 'राबानादा' नावाने नाताळात करतात. पोर्तुगिजांनी आम्हाला पाव शिकवला, पण तो उद्यापर्यंत ठेवायचा कसा, हे साडेचारशे वर्षांत शिकवलं नाही. १९६१ साली ते गेले आणि विषय तिथेच राहिला.

पोदेराचा नेहमीचा माल या कामाला चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याची 'पोळी', म्हणजे इथला चपटा पाव, आतून पोकळ. दूध-अंड्याचं मिश्रण त्या खिशात जाऊन बसतं आणि तव्यावर उलटताना मनगटावर येतं. उंडा या गोल पावाचं कवच इतकं कडक की बाहेरून कोरडा आणि आतून लगदा. तेव्हा बेकरीतला गोड ब्रेडच हवा, आणि तो अख्खा, न कापलेला. कापलेल्या ब्रेडचे तुकडे बोटभरही जाड नसतात, ते भिजले की रुमालासारखे लोंबतात. आपण अडीच सेंटिमीटर जाड कापायचे. हॉटेलातल्या टोस्टचं निम्मं रहस्य या जाडीत आहे, बाकी निम्मं बिलात. आणि टूटीफ्रूटीचा ब्रेड घेऊ नये. वर आलेला लाल तुकडा तव्याला लागला की आधी चिकटतो, मग जळतो, आणि पुढच्या प्रत्येक टोस्टवर आपला काळा ठिपका उमटवत राहतो.

आता वाळवणं. साखर आणि लोणी जास्त असल्यामुळे गोड ब्रेडची वीण मुळातच सैल असते. तो ताजा असताना मिश्रणात टाकला तर उचलताना अर्धा हातात येतो आणि अर्धा ताटलीत राहतो. म्हणून आधी त्याच्यातला ओलावा काढायचा, म्हणजे त्या जागी दूध शिरतं. मे महिन्यात हे तुकडे उघडे ठेवून कसंबसं जमतं. जुलैत मात्र आगपेटी पेटत नाही, मिठाला पाझर फुटतो, कुरकुरीत पापड तासाभरात मान टाकतो. तिथे ब्रेडने काय म्हणून वाळावं? उघडा ठेवला तर उलट हवेतलं पाणी पिऊन चामट होतो आणि दोनतीन दिवसांत हिरवी लव धरतो. त्यात हा गोड, म्हणजे मुंग्यांना घरपोच आमंत्रण. त्यावर उपाय म्हणजे परातीत पाणी, पाण्यात उपडी वाटी, वाटीवर ताटली, ताटलीत ब्रेड. कोरडा व्हावा म्हणून एखादी वस्तू पाण्याच्या मधोमध नेऊन ठेवणं फक्त आपल्याकडेच होत असावं.

फ्रिजवर भरवसा ठेवू नये. फ्रिजमध्ये ब्रेड कडक होतो, पण वाळत नाही. पाणी आतच असतं, फक्त स्टार्च घट्ट होऊन बसतो, आणि गरम केलं की गडी पुन्हा मऊ. शिवाय तिथे डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, असतात, आणि लोणी काय, ब्रेड काय, त्यांचा वास मनापासून आपलासा करतात. सरळ ओव्हन १२० अंशांवर ठेवावा, तुकडे जाळीवर मांडावेत आणि मध्ये एकदा उलटून पंधरा मिनिटं ठेवावेत. रंग येता कामा नये. बोट लावल्यावर वरून खडबडीत आणि दाबल्यावर आत मऊ लागलं पाहिजे. ओव्हन नसेल तर कोरडा तवा, अगदी मंद आच, आणि समोर उभं राहायची तयारी.

मिश्रणात लोकांचा हात अंड्यांकडे सैल सुटतो. चार जाड तुकड्यांना दोन अंडी आणि वर एक नुसता पिवळा बलक पुरे. त्यात १८० मिली दूध, ६० मिली क्रीम, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला, साखर फार तर एक छोटा चमचा. ब्रेडच गोड आहे. जास्त साखर आत शिजायच्या आधी बाहेर करपते. पांढरा जास्त झाला की टोस्ट रबरी होतो आणि ऑम्लेटचा वास मारतो. बलकाने आणि क्रीमने मात्र आतला भाग कस्टर्डसारखा बसतो. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. दालचिनी दुधावर भुरभुरली की ती बेटासारखी तरंगते आणि सगळीच्या सगळी पहिल्या तुकड्याला चिकटते. ती आधी साखरेत चोळावी, मग अंड्यात फेटावी, दूध शेवटी. जायफळ किसून घातलं तरी चालतं, मला तेच आवडतं. मग सगळं गाळून घ्यायचं, कारण न फेटलेला पांढरा तव्यावर चिंध्या होऊन लोंबतो.

भिजवायला एका बाजूला ४० सेकंद. घड्याळ लावा, कारण पोटातले सेकंद भूक लागली की भराभर पळतात. उचलल्यावर जाळीवर मिनिटभर निथळू द्यायचा.

इथे तव्याचा प्रश्न येतो. अनेक घरांत अंड्याचा तवा वेगळा असतो, आणि तो नेहमी घरातला सगळ्यात टाकाऊ असतो: पातळ, पोचलेला, मधोमध टेंगूळ आलेला, कांदा-मिरचीच्या आठवणींनी भरलेला. बटर टेंगळावरून घरंगळून कडेला जमतं, मध्ये टोस्ट चिकटतो. शिवाय थंड, ओला तुकडा पडल्याबरोबर पातळ तवा गारठतो आणि टोस्ट भाजण्याऐवजी स्वतःच्या दुधात बसून राहतो. घावण्यांचं जाड बिडं, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, या कामाला उत्तम. त्यावर अंडं चढवायला घरात कोणाची परवानगी लागते आणि आज वार कोणता आहे, हे ज्याचं त्याने पाहावं. श्रावणात विषयही काढू नये.

नुसतं बटर करपतं, कारण त्यातला दुधाचा अंश लवकर जळतो. चमचाभर तूप आणि अर्धा चमचा बटर, म्हणजे वासही येतो आणि काळे कणही नाहीत. आच मध्यमपेक्षा थोडी कमी, एका बाजूला तीन ते चार मिनिटं. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत सुरेख रंग येतो, आणि कापल्यावर आतून कच्चं अंडं बाहेर येतं. आतलं कस्टर्ड बसायला ७५ अंशांच्या आसपास पोचावं लागतं, आणि जाड ब्रेडमधून उष्णता रमतगमत आत जाते. म्हणून दोन्ही बाजूंना रंग आला की १६० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटं. टोस्ट तिथे टुम्म फुगतो. ओव्हन नसेल तर किंचित फट ठेवून झाकण, मंद आच, चार मिनिटं, आणि शेवटचं एक मिनिट झाकण काढून. ते पूर्णवेळ ठेवलं तर वाफेने कड मऊ पडते. वर काचेसारखा तांबूस थर हवा असेल तर चिमूटभर साखर टोस्टवर भुरभुरून ती बाजू अर्धा मिनिट खाली करावी. पाऊण मिनिट झालं तर घासणीकडे बघावं.

मेपल सिरपच्या बाटलीच्या किमतीत इथे माडाचा गूळ बराच येतो. १०० ग्रॅम गूळ, ६० मिली पाणी, एक उकळी, गाळणं. या गुळात जात्याच थोडी खारट झाक असते आणि ती गोड टोस्टवर छान लागते. नारळाचं दूध घालायचंच असेल तर पाक कोमट झाल्यावर, नाहीतर फाटतं. शेजारी मयडे गावचं केळं तुपात परतून ठेवलं की ताटली हॉटेलची दिसते.

मिश्रण थोडं उरतंच. ते उद्यासाठी ठेवू नये आणि त्यात आणखी ब्रेडही शोधत बसू नये. चमचाभर साखर घालून वाटीत ओतावं आणि वर ताटली ठेवून मंद वाफेवर बारा-पंधरा मिनिटं ठेवावं. इतक्या मेहनतीचा टोस्ट बाजूला सारून कोणी ती वाटीच चाटूनपुसून खाल्ली, तर आपण गप्प बसावं.